छावणीचे शहर झाले, कारभार मागेच राहिला

उल्हासनगरचे नाव निघाले की बोलणे लगेच बेकायदा इमारतींवर येते आणि ‘तिथली माणसेच तशी’ असा निकाल देऊन विषय मिटवला जातो. हा निकाल इतिहासाला धरून नाही. या शहरात माणसे आधी आली, मग घरे आणि बाजार उभे राहिले आणि लोकांनी निवडलेला कारभार सर्वांत शेवटी आला. आज दिसणाऱ्या बेशिस्तीचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ छावण्या उभारल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या आणि फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची सोय लावण्यात आली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे कराची सोडणाऱ्यांना मुंबईचा किनारा परका नव्हता. कल्याणच्या या छावणीत सुमारे एक लाख माणसे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला शहराचा दर्जा देऊन उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. लोकांच्या बोलण्यात मात्र कॅम्प एक ते कॅम्प पाच हेच पत्ते आजवर टिकून आहेत. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत आडोसे घालून कुटुंबे राहू लागली. नळ आणि संडास सामाईक होते. डोक्यावर छप्पर देणे ही त्या घडीची निकड होती आणि सरकारने ती भागवली, हे मान्यच करायला हवे.

पण छप्पर दिले म्हणजे शहर वसवले असे होत नाही. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसन कायद्यानुसार बराकींतल्या जागा हळूहळू कुटुंबांच्या मालकीच्या होऊ लागल्या. कागद हाती आला, पण जागा खोलीएवढीच राहिली. नगरपालिका १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९६५ मध्ये झाली. म्हणजे शहर जाहीर झाल्यापासून लोकांनी निवडलेले नगरसेवक यायला सोळा वर्षे लागली. एवढ्या काळात शहर थांबले नव्हते. घरोघरी पापड-लोणच्याचे उद्योग चालू झाले, कापडाची आणि फर्निचरची बाजारपेठ बसली, शेजारी शहाडला रेयॉनचा मोठा कारखाना आला. मुले मोठी झाली, त्यांचे संसार झाले आणि बाजूला सरकायला जागा नसल्याने बराकी वर चढू लागल्या. परवानगी देणारे कार्यालय नीट उभे राहण्याआधीच वाढीची सवय पक्की झाली होती. महानगरपालिका आली १९९६ मध्ये. २०११ च्या जनगणनेत अवघ्या १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाख ६ हजार माणसे मोजली गेली.

निर्वासितांची वसाहत अशीच दाटीवाटीने वाढणार, असे यावर कोणी म्हणेल. त्याला उत्तर गांधीधामचे आहे. तिथेही सिंधी निर्वासितच होते. भाई प्रताप डियालदास यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन स्थापन झाले, कच्छच्या महारावांकडून १५ हजार एकर जमीन मिळाली आणि आराखडा आखून नगर वसवले गेले. कच्छमध्ये मोकळी जमीन होती, मुंबईच्या रेल्वेमार्गावर ती नव्हती, हा फरक खराच. तरीही मोठा फरक क्रमाचा आहे. गांधीधामला जमीन, आराखडा आणि ते सांभाळणारी संस्था आधी मिळाली. उल्हासनगरला आधी फक्त मुक्काम मिळाला. माणसे तीच असताना दोन शहरे इतकी वेगळी निघाली, तर दोष माणसांच्या स्वभावावर टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नगरपालिका आल्यानंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या बहुमजली बेकायदा इमारतींचे काय? त्या गरजेतून नव्हे, नफ्यासाठी बांधल्या गेल्या आणि डोळेझाक केल्याशिवाय त्या उभ्या राहणे शक्य नव्हते. ही जबाबदारी बांधणाऱ्यांची आणि डोळे मिटणाऱ्यांची आहे, ती कोणत्याही इतिहासाने पुसली जाणार नाही. पण ही डोळेझाक इतकी सहज का झाली, याचे उत्तर इतिहासातच सापडते. जिथे कारभार घडून गेलेल्या गोष्टींच्या मागून येतो, तिथे घडलेले मान्य करून घेणे हीच त्याची रीत होते. उच्च न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी कायदा करून दंडाच्या बदल्यात बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. हजारो कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत हा हेतू योग्यच होता. पण दंड भरल्याने भिंत मजबूत होत नाही. २०२१ च्या मे महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मेले, तेव्हा कागदावरचे नियमितीकरण आणि राहण्याजोगे घर यांतले अंतर साऱ्यांना दिसले.

तरीही जुना क्रम सुटलेला नाही. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर शहरांप्रमाणे इथेही निवडणूक लांबली आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. धोकादायक इमारतींचा निर्णय ज्या काळात घ्यायचा, त्याच काळात रहिवाशांचा माणूस सभागृहात नव्हता. म्हणून आता पुनर्विकासाची भाषा सुरू असताना क्रम सरळ करायला हवा. आधी जागेच्या मालकीचे कागद निर्विवाद करावेत, मग रहिवाशांनी निवडलेल्या सभागृहात आराखडा ठरावा आणि त्यानंतरच पाया खणला जावा. ज्यांनी सरकारची वाट न पाहता शहर उभे केले, त्यांना एवढा हक्क मिळायलाच हवा.