भीतीसह विमानात

विमानाला घाबरणाऱ्याला अपघातांचे आकडे ऐकवण्यात अर्थ नसतो. विमान मोटारीपेक्षा सुरक्षित आहे, हे त्याला बहुधा आधीच पाठ असते. आयझॅक असिमॉव्ह यांच्यासारखा विज्ञानलेखकसुद्धा विमान टाळतच राहिला. भीतीवरच्या मानसोपचाराच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत करताना एवढेच सांगतो: इथे रुग्णाला पटवायचे नसते, अनुभव घेऊ द्यायचा असतो.

ही वाट जुनी आहे. सशाला घाबरणारा छोटा पीटर खात असताना मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स ससा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. त्याची हकीकत १९२४ साली प्रसिद्ध झाली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी सौम्य प्रसंगाकडून तीव्र प्रसंगाकडे जाण्याची रीत बसवली. पण ससा खोलीत आणता येतो, विमानाचे काय? तिकिटाचा खर्च आणि उड्डाण मध्येच थांबवता न येणे, ही खरी अडचण. बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी २००० साली आभासी विमानातला सराव आणि विमानतळावरचा प्रत्यक्ष सराव यांची तुलना केली. दोन्ही जवळपास सारखेच उपयोगी ठरले.

मला मात्र अधिक शिकवून जातो तो फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांचा १९९७ चा प्रयोग. विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना उड्डाणापूर्वी अल्प्राझोलाम हे चिंता कमी करणारे औषध दिले, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. औषध घेतलेल्यांना त्या दिवशी कमी भीती वाटली, छातीची धडधड मात्र जास्त होती. आठवड्याने गोळीविना उड्डाण झाले, तेव्हा त्यांचीच भीती उसळली. पहिला प्रवास पार पडला, पण त्यातून शिकायचे ते राहूनच गेले. खुर्चीचा हात घट्ट धरणे, धक्का बसला की हवाई सुंदरीचा चेहरा न्याहाळणे, याही अशाच छोट्या गोळ्या. (नातेवाइकांचे ‘काही होत नाही गं’ हेही त्यातच धरा.)

म्हणूनच मिशेल क्रॅस्क यांच्यासारखे अभ्यासक भीती किती उतरली, एवढेच मोजत नाहीत. नेमके काय होईल असे वाटते, ते रुग्णाकडून आधी वदवून घेतात: ‘मी किंचाळेन’, ‘श्वास कोंडेल’. मग ते घडले का, हे उतरल्यावर त्यालाच विचारतात. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी शिकवण उभी राहते, असे हा विचार मानतो; वेगळ्या परिस्थितीत जुनी पुन्हा डोके वर काढू शकते. तेव्हा सरावही एकसुरी नको: कधी सोबतीने, कधी एकट्याने, कधी निरभ्र दुपारी आणि कधी पावसाळ्यात, ढगांतून मुंबईत उतरताना.