धुळे तुरुंगातील श्रवण आणि लेखन

बंदिवासात ग्रंथ दुर्मिळ झाले, की विद्या पुन्हा मौखिक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे १८ रविवार विनोबांनी सत्याग्रही बंद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय मराठीत उलगडला. साने गुरुजींनी ती प्रवचने ऐकता ऐकता उतरून घेतली. अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविणाऱ्या या शिक्षकाचा हात अशा लेखनास सरावलेला होता. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यांतूनच सिद्ध झाला. वाचक त्यात तत्त्वज्ञान शोधतात, ते योग्यच. भाषाभ्यासकास मात्र निराळा प्रश्न पडावा. यांतील वाक्यरचना वक्त्याची किती, लेखनिकाची किती? दोघांचे स्वतंत्र गद्य शेजारी ठेवल्यावाचून निर्णय होणार नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नांदेड-लातूरकडील बंदिवानांच्या ज्या आठवणी इतरांनी ऐकून लिहिल्या, त्यांनाही हीच कसोटी लावावी लागेल.