एका हंगामाचा क्लब

मराठीत संस्थाचरित्रांची परंपरा मोठी आहे. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शताब्दी असे टप्पे आले की स्मरणिका निघते. तीत संस्थापकांची छायाचित्रे, पहिल्या वर्षाच्या हालअपेष्टा, ‘रोपट्याचा वटवृक्ष झाला’ हे वाक्य आणि शेवटी देणगीदारांची यादी असते. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. अशा गावात राहणाऱ्यांना संस्था टिकतात हे गृहीत धरायची सवय लागते. पण जी संस्था एकच हंगाम जगली, तिचे चरित्र कोणी लिहायचे? स्मरणिकेपुरते तिचे आयुष्यच नसते.

प्रस्तुत टिपण अशा एका संस्थेविषयी आहे. २०१४ च्या अखेरीस पुण्यात ‘भारत एफसी’ या नावाचा व्यावसायिक फुटबॉल क्लब स्थापन झाला. जानेवारी ते मे २०१५ हा त्याचा पहिला हंगाम. दुसरा हंगाम आलाच नाही.

आम्ही फुटबॉलचे जाणकार नव्हे. आमचा विषय मराठी वाङ्मय. पावसाळ्यात कातळावरच्या चिखलात मुले चेंडूमागे धावतात, तेवढाच आमचा या खेळाशी नित्याचा संबंध. (‘पादकंदुक’ हा शब्द कोशात आहे, तो मैदानावर उच्चारलेला आम्ही ऐकलेला नाही.) मात्र २०१५ च्या जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा बांद्याकडचा एक विद्यार्थी भलताच खट्टू होऊन बसला होता. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातल्या कित्येक घरांत गोव्याच्या फुटबॉलची ओढ असते. त्याच्या घरी डेंपोची होती. त्याने आम्हांला विचारले, “सर, शेवटचो रवलो आणि त्याच्या वरचो गेलो, ह्यो खयचो न्याय?” तेव्हा आम्हांला उत्तर देता आले नाही. हा शेवटचा कोण, वरचा कोण, हे समजून घेण्यातच आमचे काही दिवस गेले.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. राष्ट्रीय पातळीवरची लीग १९९६ साली सुरू झाली आणि २००७ साली तिला ‘आय-लीग’ हे नाव मिळाले. जगातल्या बहुतेक लीगांप्रमाणे येथेही नियम साधा होता: तळाचे संघ खालच्या श्रेणीत उतरतात, खालच्या श्रेणीतले विजेते वर येतात. (या उतरण्याला मराठीत धड शब्द नाही. ‘पदावनती’ म्हटले की सरकारी कचेरी आठवते, ‘घसरण’ म्हटले की शेअरबाजार.) २०१३ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या नियमाला एक खिडकी पाडली. उद्योगसमूहांनी बोली लावून नवा संघ थेट वरच्या श्रेणीत आणावा आणि अशा संघाला सुरुवातीची काही वर्षे खालच्या श्रेणीत उतरवले जाऊ नये, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. पैसा ओतणाऱ्याला पहिल्याच वर्षी दार दाखवले तर पुढे कोण येईल, असा तो हिशेब. या खिडकीतून आलेला पहिला संघ बंगळुरू एफसी. त्याने पहिल्याच हंगामात, २०१३-१४ मध्ये, विजेतेपद मिळवले. त्यामुळे पहिला प्रयोग यशस्वी ठरला आणि हमीची कसोटी लागलीच नाही.

दुसरा संघ कल्याणी समूहाचा. पुण्याच्या मुंढव्याच्या भारत फोर्जचे नाव माहीत असलेल्याला ‘भारत एफसी’ हे नाव वाचताना कारखाना आधी आठवतो आणि देश मागाहून. क्लबच्या नावात पुणे नव्हते, ही गोष्ट आम्हांला सुरुवातीपासून खटकते. पुण्यात तेव्हा पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाचा क्लब २००७ पासून होता. २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा, २०१२-१३ मध्ये दुसरा, अशी त्याची कामगिरी होती आणि त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादमींपैकी एक गणली जाई. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्यासाठी एफसी पुणे सिटी हा आणखी एक क्लब आला. हृतिक रोशन त्याचा एक मालक, इटलीचा फिओरेंतिना त्याचा भागीदार आणि फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे त्याचा बिनीचा खेळाडू. तिसरा भारत एफसी. तिघांचे घरचे मैदान एकच, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली बालेवाडीची क्रीडानगरी. शहराला एका वर्षात दोन नवे व्यावसायिक क्लब मिळाले. शहराने ते मागितले होते का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही.

संघाची जुळवाजुळव काही आठवड्यांत झाली. प्रशिक्षक म्हणून इंग्लंडचे स्टुअर्ट वॉटकिस आले. बचावात बार्न्सलीकडून अनेक वर्षे खेळलेला बॉबी हॅसेल, पुढच्या फळीत न्यूझीलंडचा ख्रिस ब्राइट, भारतीयांत मणिपूरचा गौरमांगी सिंग. वाईट संघ म्हणावा असा तो नव्हता. पण बालेवाडीच्या आसपास वाढलेल्या मुलाने ज्याच्याकडे बोट दाखवून ‘हा आमच्या आळीतला’ म्हणावे, असे त्यात फारसे काही नव्हते. एवढ्या थोड्या अवधीत ते शक्यही नव्हते.

२०१४-१५ च्या आय-लीगमध्ये ११ संघ होते आणि प्रत्येकाला २० सामने. महाराष्ट्राचे संघ तीन: मुंबई एफसी, पुणे एफसी आणि भारत एफसी. महाराष्ट्राचे इतके संघ एकाच वर्षी देशाच्या वरच्या श्रेणीत असणे ही खरे तर मोठी गोष्ट. मराठी साहित्यविश्वाने तिची दखल घेतल्याचे आम्हांला स्मरत नाही. ३१ मे २०१५ रोजी बंगळुरूत शेवटचा सामना झाला. विजेतेपदासाठी मोहन बागानला बरोबरी पुरेशी होती आणि अखेरची काही मिनिटे उरली असताना बेलो रझाकने डोक्याने मारलेल्या गोलामुळे ती १-१ अशी मिळाली. कोलकात्यात त्या रात्री जे झाले त्याचे वर्णन करायला बंगाली लेखक समर्थ आहेत.

आम्हांला तक्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायचे आहे. तेथे दहाव्या क्रमांकावर डेंपो होता आणि अकराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर भारत एफसी. हमीच्या नियमामुळे भारत एफसी वाचला. खालच्या श्रेणीत गेला तो डेंपो: २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, २००८ साली एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचलेला, भारतीय फुटबॉलच्या त्या दशकातला बहुधा सर्वांत शिस्तीचा संघ.

येथे एक सोपे कथानक हाताशी येते: एका बाजूला मातीतला क्लब, दुसऱ्या बाजूला भांडवलदाराचा क्लब. ते आम्हांला मान्य नाही. डेंपो हेही उद्योगघराणेच, तेही खाणींचे. साळगावकरही तसेच. मुंबईत मफतलाल, ओर्के, टाटा, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ कूपरेजवर खेळले आणि त्यांतल्या अनेक खेळाडूंना कंपनीत नोकरी असे; खेळ संपला तरी पगार संपत नसे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीने संघच बंद केला. म्हणजे पैसेवाल्याच्या लहरीवर क्लब जगणे हे काही २०१४ चे नवल नव्हे. आमच्या नाट्येतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे सहज कळावे. नाटक मंडळ्याही कर्जावर, आश्रयदात्यांवर आणि सावकारांवर चालत. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले तेव्हा नव्या गंधर्व नाटक मंडळीपुढेही हाच प्रश्न होता. फरक इतकाच की, तेथे मालक स्वतःच तोंडाला रंग लावून उभे होते. खेळ पडला तर त्यांचा पडत असे.

हाच मुद्दा आम्हांला भारत एफसीच्या हंगामात कळीचा वाटतो. ज्या संघाला खाली उतरण्याचे भय नाही, त्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या सामन्यांना अर्थ कुठून येणार? तळाच्या संघाचा समर्थक त्या महिन्यांत रोज बेरजा करतो, इतरांच्या पराभवासाठी नवस बोलतो. क्लब ‘आपला’ होतो तो बहुधा अशाच दिवसांत. विजेतेपदाच्या मिरवणुकीला तर कोणीही येतो. भारत एफसीला हे दिवस नियमाने माफ केले होते. त्याच्या पहिल्या हंगामात जे पणाला लागायला हवे होते, ते गोव्याच्या एका क्लबाने गमावले.

उलट उदाहरण आमच्यापासून आंबा घाट ओलांडला की भेटते. शिवाजी विद्यापीठातल्या एका उजळणी वर्गाच्या निमित्ताने आम्ही कोल्हापूरला होतो, तेव्हा यजमान प्राध्यापकांनी आम्हांला संध्याकाळी शाहू स्टेडियमवर नेले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथल्या संघांची नावे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि पेठांची जुनी ईर्ष्या चेंडूवर आली. खेळाचा दर्जा आय-लीगच्या तुलनेत साधारण असेल; भांडणेही होतात आणि ती कौतुकाची नव्हेत. पण त्या दिवशी आमच्या शेजारी बसलेल्या आजोबांना पेठेतल्या संघाची तीन पिढ्यांची नावे पाठ होती आणि तिकीट काढून ते गेली कित्येक वर्षे येत होते. हा संघ बंद करायचा म्हटले तर कोणाकडे अर्ज करायचा, हेच सांगता येणार नाही.

भारत एफसी बंद करायला एक निर्णय पुरला. २०१५-१६ चा हंगाम सुरू होण्याआधी भारत एफसी, पुणे एफसी आणि शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह, असे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. यातला वाहिंगडोह नुकताच तिसरा आलेला होता. सगळा दोष मालकांवर टाकणे अन्यायाचे होईल. सुपर लीगकडे चित्रतारे, दूरचित्रवाणी आणि जाहिराती वळल्या होत्या. आय-लीगचे भवितव्य काय, हे महासंघच स्पष्टपणे सांगत नव्हता. अशा वेळी तोट्याचा हिशेब कोण किती वर्षे सोसणार? तरीही, ज्याला काही वर्षांची हमी दिली होती त्याने एका वर्षात निघून जावे आणि ज्याला ती नव्हती त्याने तिची किंमत मोजावी, हे आमच्या बांद्याच्या विद्यार्थ्याला न्याय म्हणून समजावून देणे आम्हांला आजही जमणार नाही.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी हाच प्रकार पुन्हा घडला. २०१५-१६ मध्ये पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स थेट प्रवेशाने आला, शेवटचा राहिला आणि वाचला. खाली गेला मिझोरमचा ऐजॉल. मग गोव्याच्या तीन क्लबांनी महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या, ऐजॉलला परत बोलावले गेले आणि त्याने ३० एप्रिल २०१७ रोजी चक्क विजेतेपद पटकावले. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे मुंबई एफसी सांभाळला होता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. २०१७ नंतर डीएसके शिवाजीयन्स लीगमध्ये दिसला नाही. २०१९ साली एफसी पुणे सिटीही संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. एका शहराचे चार व्यावसायिक क्लब चार वर्षांच्या अवधीत नाहीसे झाले. त्यांतल्या एकाचीही स्मरणिका आम्ही पाहिलेली नाही.

डेंपोने खालच्या श्रेणीत गेल्यावर लगेच, २०१५-१६ मध्ये, ती श्रेणी जिंकली होती. वर येण्याचा हक्क त्याने मिळवला आणि निषेधापायी सोडून दिला. मधली वर्षे तो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला. नंतर पुन्हा खालून सुरुवात करून, पात्रतेचे सामने खेळून, २०२४-२५ च्या हंगामात तो आय-लीगमध्ये परतला. आमचा तो विद्यार्थी आता सिंधुदुर्गात एका शाळेत मराठी शिकवतो. डेंपोच्या पुनरागमनाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी त्याने आम्हांला फोन केला. भारत एफसीचे नाव मात्र त्याला चटकन आठवले नाही. आम्हांलाच सांगावे लागले.