आधी मजुरी, मग चरखा

परवा भाचा पुण्याहून आला होता. एका कंपनीत कामाच्या पद्धती सुधारण्याचं काम करतो. वेळ कुठं वाया जातो, काम कुठं अडतं ते शोधायचं, मोजायचं आणि दुरुस्त करायचं. त्याला सेवाग्राम दाखवायला नेलं. आदी निवासाच्या ओसरीवर टेकलो तेव्हा म्हटलं, "अरे, तुझ्या धंद्यातलं एक जुनं प्रकरण याच मातीतलं आहे." त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

अखिल भारत चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला. खेडोपाडी विखुरलेल्या कातणाऱ्या बायका, पिंजारी, विणकर आणि शहरातली भांडारं असा मोठा पसारा होता. रडगाणं एकच, सूत कमी आणि कच्चं, खादी महाग. १९२९ साली सुधारित चरख्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, चरखा झोपडीत मावावा आणि बाईला फार न थकता चालवता यावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा आला होता. पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत. बक्षीस तसंच राहिलं.

१९३५ साली गांधीजींनी प्रश्नच फिरवला. चरखा किती सूत देतो ते राहू द्या, कातणारीला काय मिळतं? दिवसभर कातून हाती पडायचे जेमतेम एक-दोन आणे. माझी आजीही कातायची, त्यामुळे हा हिशेब आमच्या घरातलाच. खादी स्वस्त ठेवायची म्हणजे भार हिच्यावरच. त्याच वर्षी वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा स्वतः कताईच्या मजुरीवर जगून बघत होते.

गांधीजींचा आग्रह आठ तासांना आठ आण्यांचा होता. संघाला तेवढं पेललं नाही, पण किमान मजुरीचं तत्त्व ठरलं. खरी गंमत इथून पुढे. मजुरी वाढली, खादी महागली आणि आता ढिसाळपणा परवडेना. पेळूत कचरा असला की धागा तुटतो, तो जोडण्यात वेळ जातो, मग चरखा कितीही चांगला असो. म्हणजे कापूस चांगला हवा, पिंजण स्वच्छ हवी, चातं सरळ हवं आणि बाईला शिकवायला माणूस हवा. लाखाच्या बक्षिसाने जे साधलं नाही त्याकडे मजुरीने लक्ष द्यायला लावलं.

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. १९४० साली त्याचं सेवाग्राम झालं. १९४४ च्या सप्टेंबरात इथेच त्यांनी चरखा संघाच्या कामाची झडती घेतली. खादी खपली, पण गाव आपल्या पायावर उभं राहिलं का? सगळं साधलं असं मी म्हणत नाही. खादीला पुढे सरकारी मदत लागलीच. पण प्रश्न खरा होता.

हे सांगताना माझंच मला आठवलं. एका वर्षी शाळेतल्या दहावीच्या निकालाची जबाबदारी माझ्याकडे होती. टक्का वाढवायचा ठरलं. कच्च्या मुलांना आम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. निकाल वाढला, सत्कार झाला, नारळ मलाही मिळाला. त्यातली एक मुलगी पुढे बाजारात भाजी विकताना भेटली. "सर" म्हणाली आणि मूठभर मिरच्या वर टाकल्या. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही.

भाचा म्हणाला, "मग मामा, मोजायचंच नाही का?"

मोजायचं रे. पण हिशेबाच्या वहीत त्या मुलीचं नाव आधी लिहायचं. मी ते लिहिलं नाही.

असो. आजीची सुताची वही कुणा भावंडाकडे असली तर कळवा. एकदा बघायची आहे.