ओतूरहून गेलेलं एक पत्र

खोडद म्हटलं की आपल्याला आठवते जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, फार दूरचे सिग्नल पकडणाऱ्या. आज मात्र आपण याच जुन्नर तालुक्यातून गेलेल्या एका पत्राबद्दल बोलणार आहोत.

तारीख 20 एप्रिल 1877. गाव ओतूर. पत्र जोतीराव फुल्यांना, लिहिणाऱ्या सावित्रीबाई.

सावित्रीबाई म्हणजे मुलींची शाळा, एवढंच आपण शिकतो. पण त्या लेखिकाही होत्या. 1854 साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापून आला, तेव्हा त्या होत्या अवघ्या 23 वर्षांच्या! आणि 1877 मध्ये त्या ओतूरला होत्या, दुष्काळात लोकांना जगवायला.

1876 साली पाऊस हुकला होता. नदीनाले आटलेले, जनावरं मरून पडतायत, माणसं गाव सोडून निघालीत, भुकेपोटी विषारी फळंही खातायत. जे दिसलं ते सावित्रीबाईंनी लिहिलं. पण लिहून हळहळत बसल्या नाहीत. सत्यशोधकांनी धान्य पोचवायला समित्या केल्या होत्या, त्या कामाची खबरही पत्रात आहे. देवाचा कोप, नशिबाचे भोग असलं काही नाही. धान्य कुठे आहे, कुणाला पोचवायचं आणि आड कोण येतंय, एवढाच हिशोब.

आड आले सावकार. दंगा झाला आणि पोलिसांनी 50 सत्यशोधकांना धरलं. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावलं. त्या गेल्या आणि कार्यकर्त्यांची बाजू ठामपणे मांडली. कलेक्टरने त्या सगळ्यांना सोडलं, वर चार गाड्या ज्वारीही पाठवली!

विचार करा, तो काळ कसला होता. बाईने शिकणं हेच पाप मानलं जायचं. तिथे एक बाई सरकारी साहेबासमोर उभी राहून बोलते, आणि मग ते सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

पुढे 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. 10 मार्चला त्या गेल्या.

हे पत्र नसतं, तर ओतूरची ती गोष्ट आज कुणाला माहीत असती? तुमच्या आजीआजोबांनी 1972 चा दुष्काळ पाहिला असेल. आज घरी गेलात की मोबाईलचा रेकॉर्डर सुरू करा आणि त्यांना बोलतं करा. भेटूया पुढच्या भागात!