मोहाची दारू : पारख व खाद्यसंगती (भंडारा जिल्हा)

मोह (मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया, कुल सॅपोटेसी) या वृक्षाच्या मांसल, गोड फुलांपासून किण्वन व ऊर्ध्वपातन या क्रियांनी तयार होणारे मद्य. मध्य भारताच्या वनप्रदेशात ते सर्वत्र प्रचलित आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा व १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा या प्रदेशाचाच भाग होय. मद्याचा आस्वाद घेणे, त्याची प्रत ठरविणे व कोणत्या अन्नाबरोबर कोणते मद्य घ्यावे याचा विचार करणे, हे सारे द्राक्षमद्याबरोबर यूरोपातून आले, असा आज सर्वसाधारण समज आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नासिक परिसरात वाइन-उद्योग फोफावला आणि हा समज अधिक दृढ झाला. वस्तुतः अशी पारख या भूमीत जुनी आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ती मोहाच्या दारूभोवती वाढली आणि गेल्या सु. दीडशे वर्षांत मुख्यतः अबकारी कायद्यांमुळे क्षीण होत गेली.

संस्कृत वाङ्‌मयात मद्याबरोबर खावयाच्या चटकदार पदार्थाला उपदंश किंवा अवदंश अशी स्वतंत्र संज्ञा आहे. ज्या गोष्टीला स्वतंत्र नाव असते, तिचा विचारही झालेला असतो. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार सांगितले असून त्यांपैकी मेदक हे तांदळाचे आहे. पानगृहात वेगवेगळी दालने, आसने, सुगंध, फुले व ऋतुमानानुसार सुखावह पाणी असावे, असेही तेथे म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा पुष्पासवांची गणना आहे. त्यांत कमळाचे विविध प्रकार, प्रियंगू व धायटी यांच्या जोडीला मधूक म्हणजे मोहाचे फूल येते. याच संहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्यय-प्रकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. वातप्रकृतीच्या माणसाने स्निग्ध व उष्ण अन्नासह, पित्तप्रकृतीच्या माणसाने शीत, मधुर व स्निग्ध अन्नासह आणि कफप्रकृतीच्या माणसाने जव, गहू व मिरी घातलेले जांगल मांस यांसह मद्य घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आधुनिक खाद्यसंगतीत पदार्थ व पेय यांचा मेळ पाहतात. चरकाने पदार्थ, पेय व पिणारा अशा तिघांचा मेळ पाहिला. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

मोहाचे झाड फेब्रुवारी-एप्रिलच्या सुमारास पानगळ होऊन उघडे पडते आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलते. फुलांचे मलईच्या रंगाचे रसाळ पुष्पमुकुट पहाटेपूर्वी गळून पडतात. उजाडण्याच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जाणे हे मुख्यतः स्त्रियांचे व मुलांचे काम. फुलांवर अस्वलेही टपलेली असल्याने ते जोखमीचे असते व दर मोसमात अस्वलांच्या हल्ल्यांच्या घटना घडतात. अंगणात वाळविलेली फुले तांबूस-तपकिरी होतात व त्यांचे वजन बरेच घटते. वाळल्या फुलाच्या वजनाचा साधारणतः निम्मा वा त्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. हे फूल केवळ दारूसाठी नव्हे. ते भाजून, शिजवून, तीळ किंवा फुटाण्यांबरोबर कुटून खातात, जनावरांनाही घालतात. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील वनवासी व भूमिहीन कुटुंबांना या फुलांचा आधार होता. बियांना टोरी म्हणतात व त्यांचे तेल निघते. दारू हा या वृक्षाच्या अनेक उपयोगांपैकी एक होय. सरकारी दप्तरांनी मात्र त्यालाच वृक्षाची ओळख बनविले.

वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवितात. या आंबलेल्या रगड्याला सडवा म्हणतात. थंडीत त्याला अधिक दिवस लागतात, उन्हाळ्यात कमी. सडवा चुलीवरच्या भांड्यात तापवितात. वर थंड पाण्याचे भांडे ठेवून वाफ निववितात व थेंब आतल्या पात्रात किंवा बांबूच्या नळीवाटे बाहेर धरतात. वरचे पाणी तापले की बदलतात. ते किती वेळा बदलले, यावरून दारूचा कडकपणा मोजण्याचा प्रघात आहे. जितके पाणी अधिक वेळा बदलावे, तितकी एकत्र केलेली दारू सौम्य.

पारख : जाणत्याची पारख फुलापासूनच सुरू होते. झाडाखालचा पालापाचोळा जाळून मोकळ्या केलेल्या जमिनीवर पडलेल्या फुलांना राख व धूर लागतो आणि तो वास दारूत उतरतो. पाचोळा जाळण्याच्या या रिवाजामुळे जंगलात वणवे लागतात, ही त्याहून गंभीर बाब. म्हणून अलीकडे झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा प्रसार केला जातो. पुंकेसर न काढलेली, पावसात भिजलेली किंवा बुरशी आलेली फुले कडवट व कुबट चव देतात. फुले भांड्याच्या तळाला लागून करपली, तर जळका वास येतो व तो पाणी घालूनही जात नाही.

मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अस्सलपणाचा निदर्शक म्हणून रूढ झाला आहे. चवीच्या दृष्टीने तो फसवा आहे. ऊर्ध्वपातनात प्रथम ॲसिटाल्डिहाइड, एथिल ॲसिटेट यांसारखी अतिशय बाष्पनशील संयुगे येतात; त्यांचा वास उग्र असतो व ती नाकाला झोंबतात. अखेरीस फ्यूजेल तेले व अम्ले येऊन धार आंबट व पाणचट होते. फुलाचा मधुर, किंचित ओला गवताळ गंध खऱ्या अर्थाने टिकतो तो मधल्या धारेत. पहिल्या धारेची कीर्ती तिच्या कडकपणामुळे आहे, गोडव्यामुळे नव्हे. चांगल्या मोहाच्या दारूत प्रथम फुलाचा वास, मग जिभेवर साखर नसतानाही भासणारी गोडी आणि शेवटी घशात उतरणारी ऊब असा क्रम जाणवतो. द्राक्षमद्याच्या परीक्षेत रंग, गंध व चव हा क्रम असतो. मोहाची दारू पाण्यासारखी नितळ असल्याने रंगाचे काम येथे फेसाकडे येते. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात, यावरून तीव्रतेचा अंदाज बांधतात.

दुसरी परीक्षा अग्नीची. थोडी दारू निखाऱ्यावर शिंपडली किंवा पेटविली असता निळी ज्योत उठली, तर ती कडक समजतात. या परीक्षेवर विसंबणे घातक आहे. मिथेनॉल हे विषारी अल्कोहॉलही निळसर ज्योतीनेच जळते आणि त्याची चव व वास एथिल अल्कोहॉलहून सहज वेगळे ओळखता येत नाहीत. मोहफुलांच्या किण्वनातून मिथेनॉल अत्यल्प तयार होते. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना औद्योगिक मिथेनॉलाच्या भेसळीतून घडल्या आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरांवर माणसे दगावली ती अशाच भेसळीमुळे. गावातल्या गावात, ओळखीच्या फुलांची व ओळखीच्या हाताने गाळलेली दारू पारखण्यासाठी जी जीभ पुरेशी होती, ती अनोळखी पुरवठ्यापुढे निरुपयोगी ठरते.

खाद्यसंगती : ‘चखना’ हा उपदंशाला आज रूढ झालेला शब्द हिंदीतील ‘चाखणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. भंडारा हा भाताचा व तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या व मालगुजारीच्या काळापासून चालत आलेल्या तलावांमुळे येथील आहारात गोड्या पाण्यातील मासे, सुकविलेली झिंगे व खेकडे यांना मोठे स्थान आहे. मोहाच्या दारूची फुलांची गोडी व धुरकट छटा यांच्याशी निखाऱ्यावर भाजलेले मासे किंवा कोंबडी यांचा मेळ बसतो. कारण भाजण्यातून निर्माण होणारे गंध व दारूतील गंध एकाच जातीचे असतात. मीठ कडवटपणा दडपते. म्हणून फुटाणे व खारवलेले पदार्थ सर्वत्र चालतात. लाखोळीच्या डाळीचे वडे तेलकट व पिठाळ असल्याने दारूचा दाह कमी करतात. झणझणीत रश्शाची गोष्ट वेगळी. तिखटातील कॅप्सेसीन व अल्कोहॉल दोन्ही तोंडातील उष्णतेची जाणीव करून देणारे एकच ग्राही उद्दीपित करतात. त्यामुळे कडक दारूबरोबर तिखट मटण खाल्ल्यास आग दुणावते व फुलाची चव पूर्णपणे लोपते. तरीही हीच जोडी आज सर्वाधिक लोकप्रिय आहे. चव मारून टाकावी, अशीच दारू मिळू लागल्यावर ती लोकप्रिय व्हावी हे स्वाभाविक होय. पोटात भात असेल, तर अल्कोहॉलाचे शोषण मंदावते. म्हणून जेवणासह सावकाश पिण्याची जुनी रीत उपाशीपोटी झटपट पिण्याच्या नव्या रीतीहून शहाणपणाची होती.

गोंड समाजात पिण्यापूर्वी पूर्वजांच्या व देवांच्या नावाने काही थेंब जमिनीवर सोडतात. नव्या फुलांचा पहिला मान देवाचा असतो. लग्नाची बोलणी, जन्म, मृत्यू यांच्या विधींत दारू लागते व ती पळसाच्या पानांच्या द्रोणातून देतात. द्रोण लहान, पंगत मोठी व सोबत भात. प्रमाण या तिहींनीच बांधलेले असे.

अबकारी कायदे व त्यांचा परिणाम : नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यावर भंडारा ब्रिटिश अमलाखाली आला व १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. आरंभी बाहेरभट्टीची पद्धत होती. एखाद्या क्षेत्रात भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क लिलावाने एकरकमी दिला जाई. दारू किती व किती कडक गाळावी, यावर बंधन नसे. मक्तेदार भरलेली रक्कम वसूल करण्यासाठी खप वाढवी. दारूबंदीवाद्यांनी या पद्धतीवर केलेली टीका यथार्थ होती. तिच्या जागी हळूहळू मध्यवर्ती भट्टीची पद्धत आली व १९०५ मध्ये नेमलेल्या भारतीय अबकारी समितीनंतर तिला चालना मिळाली. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला.

मध्यवर्ती भट्टीबरोबर साइक्सचा हायड्रोमीटर आला. द्रवाच्या घनतेवरून अल्कोहॉलाचे प्रमाण ठरवावे व त्यानुसार कर आकारावा, ही ती रीत. लंडन प्रूफ म्हणजे घनफळाने सु. ५७·१% अल्कोहॉल; त्याखालील २५ अंश म्हणजे सु. ४२·८%. कराच्या दृष्टीने हे मोजमाप निर्दोष आहे. पण फुले कोणत्या झाडाखालची, धार कोणती, कोणत्या अन्नाबरोबर घ्यावयाची, हे हायड्रोमीटरला कळत नाही. ज्याची नोंद होत नाही, त्याला भावही मिळत नाही. दुकानात येणारी दारू एकसारखी झाली आणि घरची सौम्य दारू गुन्हा ठरली. गुन्हा लपवायचा तर माल थोडा व कडक असलेला बरा; चोरट्या भट्टीवर सौम्य धार परवडत नाही. नवसागरासारखे पदार्थ सडव्यात घालण्याची वाईट सवय याच परिस्थितीत बळावली.

मद्यपानविरोधी चळवळीची बाजूही विसरता येत नाही. दारूच्या पायी जमिनी गेल्या, मारहाण झाली, संसार मोडले; गाडगे महाराज व तुकडोजी महाराज यांनी कीर्तनांतून व भजनांतून विदर्भातील खेडोपाडी हे मांडले. १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या विस्तार-अधिनियमाने विदर्भाला लागू झाला. त्यात मोहफुलांचा संग्रह व वाहतूक यांवरही नियंत्रण होते; म्हणजे वेचणारीने आपल्या घरात फुले किती ठेवावीत, हाही कायद्याचा विषय झाला. मोसमात फुले पडत्या भावाने व्यापाऱ्याला विकून, पुढे गरज पडेल तेव्हा तीच चढ्या भावाने घेणे तिच्या वाट्याला आले. १९७३ च्या देशी दारू नियमांनंतर परवानाधारक दुकाने वाढली, पण त्यांतील दारू प्रामुख्याने उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची. मोहाचा तिच्याशी संबंध उरला नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली. भंडाऱ्यात ती नाही.

मोहफुलांच्या संग्रहावरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठविले आणि २०२२ मध्ये काजू व मोहफुले यांपासूनच्या मद्यास ‘देशी’ ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. वैनगंगेकाठच्या फुलाचे मद्य कागदोपत्री विदेशी ठरावे, यातला विनोद बाजूला ठेवला, तरी हेतू स्पष्ट आहे : अधिक किंमत मिळावी. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. तेथे गाळणारा, त्याची भांडी व त्याचे शब्द यांसह पेयाची ओळख नोंदली गेली. मोहाच्या बाबतीत वर्ग बदलला आहे. फुलांची प्रतवारी, धारांची विभागणी व मिथेनॉलाची प्रयोगशाळेतील तपासणी यांची स्थानिक व्यवस्था असल्याशिवाय वाढीव किंमत कारखान्याच्या दारापाशीच थांबेल आणि पहाटे अस्वलाच्या वाटेवरून टोपली घेऊन जाणारी बाई फुले किलोवरच विकत राहील.