नळाचे बेहडे आणि हजीऱ्याचे पत्ते

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हजीऱ्याला भाच्याकडे चार दिवस राहिलो. आमच्या नवापूर-नंदुरबारकडची कितीतरी माणसे पोटासाठी सुरतेच्या गाडीत बसली. भाचा त्यांतलाच, तिथल्या एका कारखान्यात फिटर. पाळी सुटली की खोलीवर डाव बसे. तीनपत्ती असेल असे वाटले, तो निघाला पोकर. फोनवरच्या पोकरात त्याने तीन महिन्यांचा पगार घालवल्याचे बहिणीने आधीच कानावर घातले होते. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. डाव फोनवरून चटईवर आला, एवढेच.

"मामा, हा जुगार नाही. कसबाचा खेळ आहे," तो म्हणाला.

वाद जुनाच. १८८७च्या मुंबई इलाख्याच्या जुगारबंदी कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. सुरत तेव्हा त्याच इलाख्यात. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानले, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात. तीनपत्तीला मात्र नशिबाचा. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये जुगारातच बसवले.

तरीही भाच्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. आपल्या विदर्भकन्या दमयंतीचा नळ आठवावा. पुष्कराशी तो कित्येक महिने खेळत राहिला आणि राज्य हरला. कली अंगात शिरला होता म्हणून, असे वनपर्व सांगते. पुढे तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. कुंडिनपुराच्या वाटेवर राजाने एका बेहड्याकडे पाहून सांगितले, या दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २०९५. नळाने रथ थांबवला, झाड तोडले, फळे मोजली. आकडा बरोबर! तेव्हा अश्वविद्येच्या बदल्यात त्याने राजाकडून अक्षविद्या घेतली, आणि त्याच क्षणी कली बाहेर पडला.

झाड बेहड्याचेच का? त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत. उचललेल्या फळांना चारने भागून उरेल त्यावर हारजीत ठरे आणि एक उरला की तो कली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नळ शिकला ते झटपट मोजणे. वनवासात युधिष्ठिरालाही ही विद्या मिळाली, पण द्यूतात सर्वस्व गेल्यावर!

भाच्याला एका रंगाच्या चौथ्या पानावर हुरूप आला. हातातली दोन आणि चटईवरची तीन, अशी पाच पाने दिसत होती. मी विचारले, "न दिसणारी किती?"

"सत्तेचाळीस."

"त्यांत तुझ्या रंगाची?"

"नऊ." पुढच्याच पानाला रंग जुळण्याचा संभव शेकडा १९. पुढे टाकायचे होते १०० रुपये, मध्ये होते २००. तीनशेतले शंभर त्याचे. शेकडा ३३ संभव असता तर बरोबरी. त्याने तरी टाकलेच. मुरलेला खेळाडू बहुधा इथे पाने मिटतो आणि मध्ये ५०० असले तरच पुढे जातो. साधारण खेळाडू रंग येईल या आशेवर खेळतो, हाच काय तो फरक, आणि तो पगाराएवढा महाग पडतो.

मुरलेले खेळाडू प्रत्येक बैठकीचा जमाखर्चही ठेवतात. मी भाच्याला त्याची वही मागितली. वही नव्हतीच. हजेरीच्या जुन्या डायरीचे कोरे पान उघडून त्याच्यापुढे ठेवले, पेन दिले. बाकीची मुले पाने पिसत थांबली होती. पहिला आकडा लिहायला त्याला बराच वेळ लागला.